पुडी आणायला कोण गेलं होतं?

नोकरीत असताना मला तंबाखूची सवय होती. चोरून नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही चौघं उघडच मळायचो. पुडी संपली की मी सातवीच्या वर्गाच्या दारात जाऊन एखाद्या मुलाला हाक मारायचो. कुणालाही नाही हं. हुशार, सालस, उरलेले पैसे मोजून परत आणणारा मुलगा मी निवडायचो. त्याला तो मान वाटायचा. बाकीच्यांकडे एकदा ऐटीत बघून तो चपला पायात सरकवायचा आणि फाटकाबाहेरच्या ठेल्याकडे धूम ठोकायचा. ठेलेवाला फक्त "सरांची का?" एवढंच विचारायचा. पुढे पुढे तेही विचारेनासा झाला.

त्याच शाळेत काही वर्षांनी नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी सापडली. आठ दिवसांनी तोच मुलगा शौचालयामागे व्हाइटनरचा बोळा नाकाशी धरून बसलेला दिसला. त्याला शाळेतून काढावं की नाही यावर बैठक झाली. 'इतर मुलं बिघडतील' या मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो. दाखला न्यायला त्याची आई आली. ती दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायची. दाखल्याची घडी पदरात बांधत ती म्हणाली, "सर, घरी ठेवून काय करू याले? मी सकाळची जाते ते दिवस बुडता येते." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "संगत बदला त्याची."

हे वाक्य गेली कित्येक वर्षं माझ्या घशात अडकलेलं आहे. आपल्याकडे पोरगं नशेला लागलं की पंचनामा इथेच संपतो: संगत वाईट होती. आई-बाप सुटतात, शाळा सुटते, गाव सुटतं. उरतात ती दुसऱ्याची पोरं, आणि त्या दुसऱ्याच्या घरी हेच वाक्य आपल्या पोराकडे बोट दाखवून म्हटलं जात असतं.

आता हा हिशेब जरा ताडून बघा. २०१९ साली देशभरातल्या शाळांमध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींची तंबाखूविषयी पाहणी झाली. तंबाखू वापरणारे ८.५ टक्के निघाले. मला त्या आकड्यापेक्षा दुसराच आकडा बोचला. बिनधुराची, म्हणजे चघळायची, चोळायची तंबाखू पहिल्यांदा घेण्याचं सरासरी वय दहाच्याही आत होतं. दहा वर्षं म्हणजे चौथी-पाचवी. या वयाच्या मुलाला कसली आली संगत? त्याची संगत म्हणजे आजोबांची चंची, बापाच्या शर्टाचा खिसा, आईच्या मिश्रीचा डबा. दाढ ठणकायला लागली की पोरीच्या बोटावर चिमूटभर मिश्री कोण ठेवतं? आपणच ठेवतो, आणि तेही मायेने. महाराष्ट्रात प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा माणसं बिनधुराची तंबाखू वापरतात, असं २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत आढळलं. म्हणजे चार मोठी माणसं ओसरीवर बसली की एकाच्या गालात ती आहेच. मूल तिथेच खेळत असतं.

वर्तमानपत्रांना मात्र एमडी, म्हणजे मेफेड्रोन, हवं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला मेफेड्रोनचा कारखाना उघडकीला आणला, तेव्हा पानंच्या पानं भरली होती. ते योग्यच होतं, मालही भयंकरच होता. पण कोटींचे आकडे वाचताना आपण एक सुस्कारा सोडतो, की हे प्रकरण आपल्या गल्लीतलं नव्हे. ते पुण्या-मुंबईतलं, पैसेवाल्यांचं. मुलाच्या हातात पडणारी पहिली वस्तू क्वचितच पावडर असते. ती पुडी असते, लग्नाच्या वरातीत चुलतभावाने "घे रे, काही होत नाही" म्हणत पुढे केलेली बीअर असते, नाहीतर वह्या-पेनांच्या दुकानातला व्हाइटनर असतो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगायच्या पदार्थांचं मुलांमधलं प्रमाण १.१७ टक्के आणि प्रौढांमधलं ०.५८ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलं पुढे आहेत अशी नशा ही एवढीच. कारण उघड आहे. व्हाइटनर स्वस्त मिळतो आणि तो मागायला कुणाची ओळख लागत नाही.

मग पुडी हातात पडलेली सगळीच मुलं बुडतात का? नाही. बहुतेक बुडत नाहीत, हे आधी ठासून सांगितलं पाहिजे, नाहीतर घाबरलेला बाप पट्टा काढतो. एकाच घरातले दोन भाऊ, एक पार गेला आणि एक सावरला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पूर्वी याला नशीब म्हणत. आज त्याबद्दल बरंच काही कळलेलं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलानो यांनी १९९२ मध्ये तोवरचा अभ्यास एकत्र मांडला, आणि तेव्हापासून या विषयात बोलणारा माणूस दोन बाजूंनी बोलतो: मुलाच्या डोक्यावर ओझी कोणती आणि त्याच्या पाठीला टेकू कोणते. घरात व्यसन, घरात मारहाण, शाळेत मागे पडणं, गल्लीत माल सहज मिळणं, मोठ्यांना त्यात काही वावगं न वाटणं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पहिला घोट किंवा पहिली चिमूट फार लवकर मिळणं, ही ओझी. एकेकटं ओझं पोरगं पेलतं. ती एकावर एक चढत गेली की वाकतं. रक्तातूनही काही येतं. व्यसनाधीन होण्याचा निम्म्याच्या आसपास धोका आनुवंशिक असतो असं मानलं जातं. म्हणूनच दारुड्याच्या पोराला 'बापाच्या वळणावर जाणार' म्हणून हिणवणं हा दुष्टपणा आहे. त्याला टेकू जास्त लागतात, आणि आपण नेमके त्याचेच काढून घेतो.

वयाचा मुद्दा जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. मेंदूचा जो भाग 'थांब, पुढचं बघ' म्हणतो, तो कपाळामागचा भाग विशी उलटली तरी पक्का होत असतो. मजा ओळखणारा भाग मात्र चौदाव्या-पंधराव्या वर्षीच तरारून आलेला असतो. म्हणजे बैल जोरात आणि कासरा कच्चा. त्यात नशा आली की ती त्या कच्च्या कासऱ्यालाच कुरतडते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधराच्या आत दारू सुरू करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसनी होण्याचं प्रमाण एकविसाव्या वर्षी किंवा नंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळलं होतं. पहिली चव दोन-चार वर्षांनी लांबवणं हे म्हणूनच फार मोठं काम आहे. ते दिसायला क्षुल्लक आहे, त्याचा कुणी सत्कार करत नाही.

टेकूंबद्दल बोलायला लागलं की पालक सभेत लगेच मान डोलावतात, "लक्ष ठेवलं पाहिजे." आणि घरी जाऊन मोबाइल तपासतात, दप्तर झाडतात, मित्रांना फोन करून चौकशा करतात. स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली एक साधा प्रश्न विचारला. ज्या आई-बापांना मुलाचं सगळं ठाऊक असतं, त्यांना ते कळतं कुठून? उत्तर पाळत ठेवून असं नव्हतं. मूल आपण होऊन सांगतं म्हणून कळतं. जी मुलं वाट चुकत नव्हती त्यांच्या घरात फौजदार नव्हता. तिथे सांगायला जागा होती. आपल्या किती घरांत ती आहे? आपल्याकडे मुलगा तोंड उघडतो तेव्हा वाक्य पूर्ण व्हायच्या आत उपदेश सुरू होतो. माझ्याच घरी होत असे. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, आज वर्गातल्या एकाने सिगारेट आणली होती." मी विचारलं, "तू ओढलीस का?" बस्स. त्यानंतर चार वर्षं त्याने मला शाळेतलं काही सांगितलं नाही. त्याच्या आईला सांगायचा, कारण ती भाजी निवडत ऐकायची आणि मध्ये बोलायची नाही.

आइसलँड नावाचा एक चिमुकला देश आहे. आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी त्याची वस्ती. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात कधी तरी झिंगेपर्यंत प्यालेली होती. शुक्रवारी रात्री रेक्याविकच्या रस्त्यावरून चालायची भीती वाटावी असं चित्र होतं. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. त्यांनी केलं काय? भाषणं केली नाहीत, एवढं नक्की. इंगा डोरा सिग्फुसडोत्तिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांनाच विचारायला सुरुवात केली: संध्याकाळी कुठे असता, आई-वडिलांबरोबर किती वेळ जातो, शाळेत कसं वाटतं. वर्षानुवर्षं हेच प्रश्न विचारले, आणि प्रत्येक शाळेचं चित्र त्या त्या शाळेपुढे लगेच ठेवलं. त्यातून दिसलं ते आपल्या आजीलाही ठाऊक होतं. आठवड्यातून तीन-चारदा शिकलेल्या प्रशिक्षकाकडे खेळायला किंवा गाणं-वाजवणं शिकायला जाणारी, आई-बापांबरोबर बराच वेळ घालवणारी आणि रात्री उशिरा बाहेर नसणारी मुलं वाचत होती. मग सरकारने पैसा तिथे ओतला. मुलांच्या क्लबची फी भरायला मदत दिली. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर राहायचं नाही असा कायदा केला. आई-बाप गटागटाने रात्री फेऱ्या मारायला लागले. पकडायला नव्हे, दिसलं पोर तर घरी सोडायला.

त्यातला एक बारकावा आपल्या पुढाऱ्यांनी टिपून ठेवावा. नुसतं मैदान पुरत नाही. खेळाच्या संघांतही दारू चालते, कधी कधी जास्तच चालते. आपल्याकडच्या क्रिकेट स्पर्धांचा 'समारोप' कुठल्या ढाब्यावर होतो ते सगळ्यांना माहीत आहे. वाचवतो तो खेळ नव्हे. वाचवतो तो ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर असणारा मोठा माणूस, ज्याला हे पोरगं आज आलं नाही हे कळतं.

आपण काय करतो? ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आणि २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. ३१ मेला सुट्टी असते म्हणून तो आम्ही मागेपुढे उरकायचो, २६ जूनला मात्र प्रभातफेरी निघायची. मुलं घोषणा देत फाटकातून बाहेर पडायची आणि पहिलं वळण ठेल्यापाशी घ्यायची. ठेलेवाला पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घालून खर्रा घोटत असायचा. त्या घोटण्याला एक ताल असतो, घोषणांच्या तालाशी तो बरा जुळायचा. मागे चालणारे आम्ही दोघं-तिघं शिक्षक फेरी संपल्यावर तिथेच थांबायचो. अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांनी वर्गावर्गात जाऊन मुलांना नशेपासून परावृत्त करण्याचा एक गाजलेला कार्यक्रम चालवला, कोट्यवधी डॉलर खर्च झाले, आणि तपासणी केल्यावर मुलांच्या नशा करण्यावर त्याचा म्हणावा असा परिणाम झालेला दिसला नाही. आमच्या फेरीची तपासणी कुणी केली नाही म्हणून आम्ही सुखी.

कायद्याची कमतरता नाही. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमाखाली मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मी निवृत्त झाल्यावर वाचलं. वाचताना सातवीच्या दारातला मी मला दिसलो. पुडी माझी होती, मुलाच्या तोंडात मी काही घातलं नव्हतं, कायद्याच्या कचाट्यात कदाचित सापडलोही नसतो. पण ठेल्याची वाट त्याच्या पायाखाली मीच घातली होती.

आमच्या विदर्भात दारूबंदीचे प्रयोग जुने आहेत. वर्धा आधीपासून, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली. बंदीने सगळं मिटतं असं मी म्हणणार नाही, चोरटा माल गावोगाव पोचतो. बंदीने काही होत नाही असंही म्हणणार नाही. माल जितका लांब, महाग आणि लाजिरवाणा, तितकी पहिली चव उशिरा. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांवर हरकत घेतली होती. व्यसन ही पिणाऱ्याची खाजगी खोड नाही, दुकान कुठे उघडू द्यायचं हा सगळ्या गावाचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखलं. आज बायका रांगा लावून मतदान करतात आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून गावातलं दुकान बंद पाडतात, तो त्याच विचाराचा धागा. पण त्याच गावात निवडणुकीच्या रात्री पंधरा-सोळा वर्षांची पोरं प्रचाराच्या गाडीवर चढवतात आणि उतरताना त्यांच्या हातात काय देतात, ते आडव्या बाटलीला मत देणाऱ्या आईलाही ठाऊक असतं. गटारीला घराघरांत जे चालतं ते मुलांना 'मोठेपणी करायची गोष्ट' म्हणूनच कळतं. मोठं व्हायची घाई कोणाला नसते?

आणि ज्याला लागलंच आहे त्याचं काय? १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं, ते गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुण पोरांसाठी. तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार म्हणून नव्हे, आजारी म्हणून वागवलं जातं, आणि घरच्यांनाही सोबत बसवलं जातं, ही गोष्ट त्या काळात नवीच होती. आता १४४४६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे न्यायला आई-बाप लाजतात. कावीळ झाली तर लाजतात का? पंधरा वर्षांच्या मुलाच्या नशेमागे कित्येकदा दुसरंच काही असतं. झोप नसते, धास्ती असते, घरात रोजचा कल्ला असतो. कुणी त्याच्याशी नको ते केलेलं असतं आणि तो बोललेला नसतो. व्हाइटनरने त्याला तासभर ते विसरायला होतं. तो बोळा काढून घेताना त्या तासाचं काय करायचं, हे आपण ठरवलेलं नसतं.

आम्ही ज्याला काढलं त्या मुलाच्या पाठीला शाळा हा शेवटचा टेकू उरला होता. बाप दोन वर्षांपूर्वी गेला होता. आई दिवसभर शेतात. दहा ते पाच शाळा होती, तिथे निदान हजेरीला त्याचं नाव पुकारलं जात होतं. ते आम्ही खोडलं आणि त्याला दिवसभर मोकळा सोडला, त्याच ठेल्यावर, ज्या संगतीतून तो सुटावा असं आम्हाला वाटत होतं त्याच संगतीत. इतर मुलं वाचावीत म्हणून. इतर मुलं यातून काय शिकली असतील? की अडचणीत आलो तर सरांना कळू द्यायचं नाही.

तो मुलगा पुढे कुठे गेला ते मी शोधलं नाही. शोधायला हवं होतं.

तंबाखू मी निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी सोडली, तीन वेळा सुरू करून. आता आमच्या गावातले आम्ही पाच-सहा निवृत्त लोक संध्याकाळी साडेचार ते सात शाळेच्या मैदानावर असतो. किल्ली मिळवायला आठ महिने लागले. मुख्याध्यापकांना काचा फुटतील याची काळजी होती. फुटल्या दोन, आम्ही भरून दिल्या. कबड्डी आहे, खो-खो आहे, पावसाळ्यात वर्गात कॅरम. एक वही आहे, तिच्यात रोज कोण आलं ते लिहितो आणि तीन दिवस न दिसलेल्याच्या घरी कुणी तरी चहाला जातो. एवढंच. मोठी गोष्ट नाही, आणि यातून किती मुलं वाचली ते सांगायला माझ्याकडे आकडा नाही.

मागच्या महिन्यात एक आठवीतला गाल फुगवून आला. वास लांबूनच आला. आमच्यातले एक गृहस्थ गरजले, "हाकला त्याला." मी म्हणालो, "थुंकून ये, चूळ भर आणि उतर." तो नळावर गेला, बराच वेळ गेला. परत आला तेव्हा हातात अर्धी पन्नी होती, ती त्याने माझ्यापुढे धरली.

"कोणाची?" मी विचारलं.

"बाबाची. आणायला पाठवलं होतं."

मी ती घेतली. फेकली असती तर घरी त्याला मार बसला असता. खेळ संपेपर्यंत ती माझ्या खिशात राहिली, आणि सात वाजता त्याच्याबरोबर त्याच्या घरी, त्याच्या बाबाला ती द्यायला मी स्वतः गेलो.